चार बोल्टांचं कुंकू

१

खंडू बिरदवडे मेला तेव्हा पवना धरणाच्या काठावर, मांडवात, पाहुण्यांपुढे पेढ्यांच्या बश्या फिरत होत्या. खंडू चालवत असलेली ट्रायलची बोट समोरून सुसाट गेली, लाल झेंड्याला वळसा घालायला कलली आणि इंजिन एकाएकी किंचाळलं. शेपूट घसरलं, बोट एका अंगावर आली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उलटी झाली. खंडूला कोळ्यांनी दुपारी वर काढलं. बोट काढायला मात्र रविवार उजाडला.

वर आलेल्या बोटीचं इंजिन ठरल्यापेक्षा दोन भोकं उंच बसवलेलं होतं. ते कोणी उचललं एवढाच प्रश्न होता, आणि चिंचवडच्या तरंग मरीन वर्क्सनं त्याचं उत्तर आधीच टाइप करून ठेवलं होतं. फिटर कोंडीराम ओव्हाळ, युनियनचा माणूस, मालकावर डूख धरून केलेला घातपात. नोकरी तर जाणारच होती. शिवाय निकालाची प्रत पोलिसांकडे जायची होती, म्हणजे पुढे बेड्या.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. कामगाराला काढण्याआधी कारखान्याला एक खातेनिहाय चौकशी करावी लागते. चौकशी करणारा वकील कारखानाच नेमतो, आणि निकाल काय हवा हे त्याला सहसा सांगावं लागत नाही. ॲडव्होकेट मृदुला आगाशेनं अशा बावीस चौकश्या केल्या होत्या. मालकांना ती आवडत नसे, कारण ती कागद वाचायची. कामगारांना ती आवडत नसे, कारण ती मालकांच्या खुर्चीत बसायची. तिलाही दोघांचा सारखाच वीट आला होता.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी तिची मोपेड गेटाशी थांबली, तेव्हा चहाच्या टपरीवरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आली बघा कंपनीची कात्री!"

"धार बघायची असेल तर आत या," मृदुला म्हणाली आणि तिनं गाडी स्टँडला लावली.

गेटासमोर धुळीत एक बाई बसली होती. कपाळ कोरं, हात मोकळे. ही खंडूची बायको जाईबाई, चाकणजवळच्या वाडीची. चौकशीच्या प्रत्येक तारखेला ती कांद्याच्या ट्रकमधून यायची आणि कोंडीराम दिसला की शिव्यांची लाखोली वाहायची. आज तो खाली मान घालून आत शिरला, तेव्हा तिनं मूठभर माती त्याच्या पाठीवर फेकली.

"त्याच्या ताटात जेवलास रं! त्याच्याच ताटात!"

कोंडीरामनं माती झटकली नाही.

आत नंदकिशोर निगुडकर वाट पाहत होता. हा इन्स्पेक्शन खात्याचा मुख्य आणि मालकांचा सख्खा भाचा. चौकशीत कंपनीची बाजू तोच मांडणार होता. त्यानं चहा विचारला नाही, सरळ शेडमध्ये नेलं. बोट ट्रॉलीवर पडली होती. काच फुटलेली, कडेला हाराचा कुजका दोरा. इंजिन पाण्यानं धुऊन पांढरंशुभ्र झालेलं. फक्त ते बोटीला धरून ठेवणाऱ्या चार बोल्टांची डोकी लाल होती.

"हे काय?"

"खंडेनवमीचं कुंकू. आमच्याकडे पूजा जोरात असते. तुम्ही मुद्द्याचं बघा." त्यानं इंजिनाच्या कंसावर बोट ठेवलं. "एकाखाली एक पाच भोकं. बोल्ट कुठल्या भोकात जातो त्यावर इंजिनाची उंची. इंजिन खोल असलं की पाण्याची ओढ जास्त, वेग कमी. वर उचललं की बोट मोकळी पळते. पण फार उचललं तर पंख्याला पाण्याऐवजी हवा मिळते. सरळ जाताना ते कळतही नाही. वळताना बोट कलते, पंखा उघडा पडतो, पकड सुटते. मग ती बोट कोणाच्या बापाची नाही."

"आणि योग्य उंची?"

"तिसरं भोक. तेव्हा पंख्यावरची ही आडवी प्लेट बोटीच्या तळाशी एका रेषेत येते. तळाला सरळ पट्टी लावली की समजतं. हे पाचवं आहे. प्लेट दीड इंच वर गेली. ट्रायलच्या सकाळी सात ते साडेसात बोटीजवळ एकटा कोंडीराम होता. झालं की मग!"

"झालं असतं तर मला बोलावलं नसतं," मृदुला म्हणाली.

२

चौकशी इन्स्पेक्शनच्या खोलीत भरली. एका टेबलावर गुळगुळीत लोखंडी पाटा होता, त्याला लाल रंग फासलेला. भाग त्यावर घासला की त्याचे उंचवटे लाल होतात आणि सांगतात, इथे अजून घासायला हवं. भिंतीवर दोन हात रुंद फोटो टांगला होता. दसऱ्याच्या सकाळी बोट गेटातून बाहेर पडताना, अगदी आडवी बाजू धरून काढलेला. मालक अण्णासाहेब नारळ वाढवताहेत, बोटीला झेंडूचे हार, इंजिनाच्या टोपीवर कुंकवाचं हे एवढं स्वस्तिक. अण्णासाहेबांनी म्हणे बोटीचंच सीमोल्लंघन केलं होतं.

नंदकिशोरनं आपली साक्ष घडाघडा दिली. मंगळवारी, म्हणजे नवमीला, दीड वाजता कोंडीरामनं इंजिन तिसऱ्या भोकात बसवलं. नंदकिशोरनं स्वतः तपासून कार्डावर सही केली. दोन वाजता कोंडीराम रजेवर गेला. चार वाजता पूजा. बुधवारी, दसऱ्याला सकाळी नऊला बोट धरणावर रवाना. शुक्रवारी ट्रायल.

"तपासलं कशानं?" मृदुलानं विचारलं.

"इन्स्पेक्शनच्या पट्टीनं. आमच्या कपाटातली पट्टी, गेज, मार्किंगचा रंग, कशालाही बाहेरचा हात लागत नाही. किल्ली एकच, ती माझ्या कमरेला असते. आजारी पडलो तरी देत नाही."

"लिहून घ्या," मृदुला टंकलेखकाला म्हणाली. चौकशीत प्रत्येक पानाखाली साक्षीदाराची सही लागते. नंदकिशोरनं झोकात सही ठोकली.

मग तो कोंडीरामकडे वळला. "नवमीला सगळा कारखाना पूजेला थांबला. तू कुठे होतास?"

"नागपूरच्या गाडीत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर दरवर्षी जातो."

"म्हणजे मशीनच्या पूजेला पाठ दाखवायची आणि पगार मात्र मशीनवर घ्यायचा. तुम्हा लोकांचं हे नेहमीचंच!"

"निगुडकर," मृदुला म्हणाली, "हे चार्जशीटमध्ये कुठल्या कलमात आहे? नसेल तर तोंड आवरा."

नंदकिशोरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो दात-ओठ खात पुढे म्हणाला, "शुक्रवारी सकाळी बोटीजवळ काय केलंस?"

"तेल बघितलं. प्लग बघितले. पंख्याची पिन बघितली."

"उंची बघितलीस? पट्टी लावलीस?"

 कोंडीरामची अडीच फुटी स्टीलची पट्टी पुरावा म्हणून टेबलावरच होती. बावीस वर्षांत त्या पट्टीशिवाय त्यानं एक बोट पाण्यात सोडली नव्हती, असं त्याचे शत्रूही सांगत होते. त्यानं पट्टीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"ओव्हाळ, उत्तर द्या," मृदुला म्हणाली. "हो किंवा नाही."

 "मला काही बोलायचं नाही, बाई."

निर्दोष माणसाला गप्प बसायचं काय कारण, हे मृदुलाला उमजेना. तिला पहिल्यांदाच वाटलं, की यानंच केलं असेल.

३

दुसऱ्या दिवशी वर्क्स मॅनेजर मुकुंद राजवाडे आला. आल्या आल्या त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"दहा मिनिटं. मला कारखाना चालवायचा आहे."

"मला बंद पाडायचा नाहीये. उंचीवरून भांडण कोणाचं होतं?"

 हा प्रश्न मुकुंदला अपेक्षित नव्हता. "भांडण कसलं! गिऱ्हाइकाला ताशी शंभर किलोमीटर हवे होते. नंदकिशोरनं तसं लिहून दिलं होतं. तिसऱ्या भोकात बोट एक्क्याण्णवच्या वर जाईना. सगळेच म्हणत होते, थोडं उचला."

"सगळे म्हणजे?"

"नंदकिशोर म्हणाला. मीही म्हणालो. नाकबूल कशाला करू? कोंडीराम हटून बसला. वळणावर पकड सुटेल म्हणाला. त्यानं तसं मला चिठ्ठीवर लिहूनही दिलं. चिठ्ठी फाइलला आहे."

मृदुलानं फाइल त्याच्यापुढे सरकवली. मुकुंदनं पानं उलटली, परत उलटली. चिठ्ठी नव्हती. कोपऱ्यात नुसती टाचणी होती आणि तिला कागदाचा फाटका तुकडा.

"फाइल कोणाकोणाच्या हातून गेली?"

"माझ्या. आणि नंदकिशोरच्या." त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही माझ्यावर येताय का?"

"येऊ नये असं काही सांगा. काहीतरी लपवताय तुम्ही. आल्यापासून धरणाचा विषय निघाला की घड्याळ बघता."

मुकुंद उठून उभा राहिला. मग पुन्हा बसला. "ट्रायलला पाण्यात मदतीची दुसरी बोट ठेवायची असते. होती. ऐन वेळी ती पाहुण्यांच्या बायकांना फिरवायला गेली. मी पाठवली. अण्णासाहेब म्हणाले, मी पाठवली. ती जागेवर असती तर खंडू कदाचित..." त्यानं घड्याळ उचललं. "हे लिहायचं तर लिहा. पण इंजिनाला मी हात लावलेला नाही."

"ज्यानं हात लावला तोही हेच म्हणेल," मृदुला म्हणाली.

त्याची तिला कीव आली नाही. पण जो माणूस युनियनचा राग म्हणून बोट बुडवणार, तो आधी इंजिन उचलू नका असं लिहून कशाला देईल? चार्जशीटला पहिला तडा तिथेच गेला.

४

गेटवरचा पहारेकरी धोंडीबा तिला पाहून उठला नाही, बिडीही विझवली नाही.

"मला काय ठावं न्हाई, बाई. मी गेट उघाडतो, गेट लावतो."

"नवमीला पूजेनंतर गेट कधी लावलं?"

"पाचला. परसाद वाटला, समदी गेली. शेटाणीबाई पूजेचं ताट घिऊन मोटारीत बसल्या."

"समदी?"

धोंडीबानं बिडीचा झुरका लांबवला. मृदुलानं रजिस्टर ओढून त्याच्या नाकासमोर धरलं. "तुमच्याच हातचं आहे. राजवाडे बाहेर पडले पावणेसातला. निगुडकर सात वाजता. दोन तास काय करत होते?"

"सायेब लोकांना मी पुसायचं व्हय?"

"नका पुसू. ऐकू तर येतं ना?"

म्हाताऱ्यानं रस्त्यावर कोणी आहे का ते पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "साखळी वाजली."

"कसली साखळी?"

"शेडातली. जड इंजान उचलायची कप्पी हाय न्हवं, तिची. खडखड खडखड. दिवं लागायच्या सुमाराला. माज्या काळजात चर्र झालं, बाई. नवमीला आवजारं पुजली का दसऱ्यापस्तोर कुनी पाना-हातोडीलाबी शिवत न्हाई हितं. आमी न्हाई, सायेब न्हाई. आन हितं कुनीतरी साखळी वढतंय!"

"आत जाऊन बघितलं नाहीत?"

"बघितलं असतं तर आज हितं बसलो असतो का? पेन्शनीला सात म्हैनं ऱ्हायल्यात." त्यानं बिडी पायाखाली चिरडली. "खंडूनं माज्या लेकीच्या लग्नात पानी भरलं हुतं. लिवा काय लिवायचं त्ये."

म्हणजे नवमीच्या संध्याकाळी इंजिन हललं होतं, आणि कोंडीराम तेव्हा गाडीत होता. पण आत माणसं दोन होती. शिवाय एक गोष्ट अजिबात जुळत नव्हती. बोल्ट काढायचे तर पाना लावायला हवा, आणि पाना लावला की पूजेचं कुंकू पुसलं जाणार. मग ते चारही बोल्टांवर कसं होतं?

५

"मला आरोपीशी शेडमध्ये बोलायचं आहे. एकट्याशी," मृदुला म्हणाली.

"नियमात बसत नाही," नंदकिशोर म्हणाला.

"तक्रार लिहून द्या. सही करायला तुम्हाला आवडतंच."

शेडमध्ये कोंडीराम बोटीपासून चार हात लांब उभा राहिला. जवळ जाईना.

"ओव्हाळ, तुमची चिठ्ठी मला कळली आहे. साखळीही कळली आहे. तुम्ही ह्याला हात लावला नाहीत हे मला ठाऊक आहे. मग पट्टीचं नाव काढलं की दातखीळ का बसते? पोरंबाळं आहेत ना? तुरुंगात जायची हौस आहे का?"

 "लावली नाही पट्टी. बावीस वर्षांत पहिल्यांदा."

"का?"

"हसाल तुम्ही."

"मी महिन्याभरात हसलेली नाही. बोला."

त्यानं बोल्टांकडे बोट केलं. "त्या कुंकवामुळे. नवमीला हे लोक बोल्टावर कुंकू लावतात. मी त्यात नसतो. आम्ही छप्पन्न साली ते सगळं सोडलं. पण मला हे माहीत आहे, की एकदा पूजा झाली की इथे कोणी पाना लावत नाही. मी तिसऱ्या भोकात बसवून गेलो होतो. शुक्रवारी सकाळी बघितलं, चारी बोल्ट लाल. म्हटलं, कोणी हात लावलेला नाही. सील असतं तसं. बोट निम्मी पाण्यात होती, पट्टी लावायची तर पुन्हा ट्रॉलीवर ओढावी लागली असती. पाहुणे यायचे होते. खंडू म्हणाला, चल रे, उशीर होतोय. आणि मी सोडली." त्यानं तोंडावरून पंजा फिरवला. "आमच्या वस्तीत काय सांगू? ज्या कुंकवाला मी हात लावत नाही, त्याच्यावर विसंबलो? आणि त्या जाईबाईला काय सांगू?"

 मृदुला बोल्टांकडे पाहत होती. इंजिनाच्या टोपीवर फोटोत एवढं मोठं स्वस्तिक होतं. आता त्याचा मागमूस नव्हता. हळद नाही, गुलाल नाही, काही नाही. पाण्यानं सगळं नेलं होतं. शुक्रवार ते रविवार, दोन दिवस बोट धरणाच्या तळाशी होती.

तिनं माठातून पाणी घेऊन रुमालाचं टोक भिजवलं आणि बोल्टाचं डोकं खसखसून चोळलं. रुमाल पांढराच राहिला.

"रॉकेल आहे?"

कोंडीरामनं कोपऱ्यातला डबा आणला. रुमालाचं दुसरं टोक रॉकेलमध्ये बुडवून तिनं पुन्हा चोळलं. ह्या खेपेला ते शेंदरी, तेलकट लाल झालं. कोंडीरामनं रुमाल हातात घेतला, बोटांमध्ये चोळून पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"बाई," तो म्हणाला, "हे कुंकू नाही."

६

शेवटच्या तारखेला अण्णासाहेब स्वतः येऊन बसले. चौकशी आज संपणार आणि ब्याद जाणार, असा त्यांचा समज होता. एका बाजूला मुकुंद, दुसरीकडे नंदकिशोर, भिंतीशी कोंडीराम.

मृदुलानं खुर्ची सोडली, भिंतीवरचा फोटो उतरवला आणि टेबलावर आडवा ठेवला.

"अहो, ते काय करताय?" अण्णासाहेब गरजले.

"तुमच्या भाच्यानं शिकवलेलं करतेय." तिनं कोंडीरामची पट्टी उचलली आणि फोटोतल्या बोटीच्या तळाला लावून मागे इंजिनापर्यंत नेली. "तिसऱ्या भोकात प्लेट तळाच्या रेषेत येते. बघा. येते आहे का?"

मुकुंद वाकला. प्लेट पट्टीच्या स्पष्ट वर होती. "पाचवं," तो पुटपुटला.

"हा फोटो दसऱ्याच्या सकाळी नऊचा. कोंडीराम ओव्हाळ मंगळवारी दोनला गेटाबाहेर पडले ते गुरुवारी दुपारी परतले. तिकिटं फाइलला आहेत. मंगळवारी दीडला इंजिन तिसऱ्यात होतं, त्यावर निगुडकरांची सही. तेव्हा शुक्रवारच्या सकाळची तुमची सगळी कहाणी कचऱ्यात गेली. इंजिन इथेच उचललं गेलं, आणि पूजेनंतर."

"पूजेनंतर कशावरून? आधीही उचललं असेल," नंदकिशोर म्हणाला.

"आधी उचललं असतं तर शेटाणीबाईंनी बोल्टांना खरं कुंकू लावलं असतं आणि ते स्वस्तिकाबरोबर धरणात वाहून गेलं असतं. हे गेलं नाही." तिनं रुमाल टेबलावर टाकला. "पाण्यानं जात नाही, रॉकेलनं जातं. पूजेनंतर कोणीतरी पाना लावला, कुंकू पुसलं गेलं. बोल्ट उघडे दिसले तर कोंडीराम पट्टी लावणार, हे पाना लावणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. कोंडीरामच्या हट्टाची चिठ्ठी त्यानं वाचली होती. कुंकू तर हवं होतं, पण पूजेचं ताट शेटाणीबाईंबरोबर घरी गेलं होतं. मग कारखान्यात लाल काय उरलं?"

सगळ्यांच्या नजरा आपोआप त्या लोखंडी पाट्याकडे गेल्या.

"तेलात कालवलेला मार्किंगचा रंग," मृदुला म्हणाली. "संध्याकाळी आत दोघे होते. पण पूजेआधी पाटा पुसून ठेवतात, रंग कपाटात असतो. कपाटाची किल्ली एकच, ती कोणाच्या कमरेला असते हे पान चारवर आहे. खाली सही आहे, मोठी झोकदार. आजारी पडलो तरी देत नाही, असंही आहे."

नंदकिशोरचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला. मुकुंद त्याच्याकडे असा पाहत होता, जणू आता अंगावर धावून जाईल.

"मला वाटलं, तू हिशेब करत बसलायस," मुकुंद म्हणाला. "मी शेजारच्या इमारतीत होतो, नंदू! साखळीचं विचारलं तेव्हा कप्पी बाजूला घेतोय म्हणालास!"

"शंभर गाठले होते त्यानं!" नंदकिशोर ओरडला. "एकशे तीन! सरळ जायचं आणि हळू परत यायचं, एवढंच होतं. वळायचं नव्हतंच! मामांनी हात हलवला, आणखी एक फेरी म्हणून. मी काय खंडूला मारायला गेलो होतो?"

"त्याला सांगितलं होतंस का, इंजिन वर आहे म्हणून?" कोंडीराम पहिल्यांदाच बोलला.

नंदकिशोरनं मामांकडे पाहिलं.

"नाही सांगितलंस. सांगितलं असतंस तर तो माझ्याकडे आला असता."

अण्णासाहेब उठले. त्यांनी आधी भाच्याकडे पाहिलं, मग वकिलीणबाईंकडे. "मिसेस आगाशे, निकाल आज देऊ नका. आपण घरी बसून बोलू. शब्द मागेपुढे करता येतात."

"मिसेस नाही, मिस. आणि निकाल सकाळीच चिंचवडच्या पोस्टातून रजिस्टर्डनं गेला. एक प्रत लेबर ऑफिसला, एक पोलिसांना. मदतीच्या बोटीसकट."

"ह्या पट्ट्यात तुम्हाला पुन्हा काम मिळणार नाही."

"मग एक चांगली गोष्ट झाली म्हणायची," मृदुला म्हणाली आणि तिनं कागद आवरले.

कोंडीराम टेबलाशी आला. "बाई, माझी पट्टी न लावल्याचं लिहिलंत का?"

"तो तुमच्यावरचा आरोप नाही."

"मग तो कुठे लिहायचा?"

 मृदुलानं पट्टी त्याच्या हातात दिली. तो ती घेऊन बाहेर पडला, आणि ती त्याच्या मागोमाग गेटापर्यंत गेली.

जाईबाई तिथेच बसली होती. टपरीवरच्या लोकांना बातमी लागलीच होती, कोणीतरी "जय भीम, कोंडीरामभाऊ!" म्हणून हाक दिली. त्यानं तिकडे पाहिलं नाही. तो जाईबाईसमोर मातीत उकिडवा बसला आणि सगळं सांगितलं. भाच्याचं सांगितलं, लाल रंगाचं सांगितलं, आणि मग जे कोणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. बोल्ट लाल दिसले, म्हणून मी पट्टी लावली नाही, वहिनी. लावली असती तर खंडू आज असता.

मृदुलाला वाटलं, आता पुन्हा माती उडेल. जाईबाईनं मूठ आवळलीही होती. तिनं त्या पट्टीकडे पाहिलं, मग कोंडीरामच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मूठ हळूहळू सुटून माती खाली सांडली. हात तिच्या कोऱ्या कपाळाकडे गेला.

"तुमी कुकवावर इसवास ठिवला, भावजी," ती म्हणाली. "म्या बी ठिवला हुता."